हरलेल्यांची शाळा

बाबांचं ‘येस सर’ मला कुकरच्या शिट्टीसारखं पाठ होतं. अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या आमच्या त्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला होता आणि दर मंगळवारी संध्याकाळी सहाला बाबांच्या मॅनेजरचा कॉल यायचा. पावणेसहा वाजले की आई एक्झॉस्ट फॅन बंद करायची, फोडणीचं तेल तसंच कढईत थांबायचं, आणि बाबा शर्टाचं वरचं बटण लावून भिंतीशी उभे राहायचे. त्यांना कोणी बघत नव्हतं, तरी उभे. कॉल अर्धा तास चालायचा आणि त्यात बाबांच्या वाट्याला तीनच वाक्यं असायची: ‘येस सर’, ‘राइट सर’, ‘ऍब्सोल्यूटली सर’. फोन ठेवला की बटण काढायचे आणि आईला म्हणायचे, “पूर्ण चुकीचं सांगतोय तो. असं केलं तर प्रोग्रॅम बोंबलणार.” आई फॅन चालू करत म्हणायची, “मग सांगाचं ना त्याले.”  शनिवारी सकाळी बाबा डबा घेऊन ऑफिसला जायचे आणि मॅनेजरने सांगितलेली चूक गुपचूप दुरुस्त करून यायचे. सोमवारी मॅनेजरची वाहवा व्हायची. असं किती वर्षं चाललं असेल, मला सांगता यायचं नाही. त्या घरात आलो तेव्हापासून चालू होतं.

एकदा मी विचारलं, बारा-तेरा वर्षांची असेन. “बाबा, तुम्हाला माहितेय ना तो चुकतोय, मग बोलत का नाही?” बाबा बूट पुसत होते. म्हणाले, “मोठ्या माणसाला उलट बोलायचं नसतं, मनू. त्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.” आवाजात राग नव्हता, उपदेशही नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाले. घरात दुसरा कुठला नियम एवढा कडक नव्हता. टीव्ही बघा, उशिरा उठा, मार्क कमी पडले तरी चालेल, पण उलट उत्तर द्यायचं नाही. आईने सुरुवातीला थोडी खळखळ केली, तिचं भंडाऱ्याचं माहेर तोंडाळ माणसांचं होतं, पण पुढे तीही थकली. आणि मी तर आज्ञाधारकच होते. आता वाटतं, थोडी कमी असते तर बरं झालं असतं.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही नागपूरहून इकडे आलो. त्या घराचं आता विचाराल तर मला आवाजच जास्त आठवतात. हिवाळ्यात हीटरचे पाइप ठकठक करायचे, खाली तळघरात लॉन्ड्रीचे ड्रायर घुमायचे, आणि लांबून न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाडीचा भोंगा यायचा. रविवारी आई गोळाभात करायची. गोळाभातावर कडकडीत तेलाची फोडणी ओतली की स्मोक अलार्म केकाटायला लागायचा, मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायची, आणि आई म्हणायची, “झालं! पुऱ्या बिल्डिंगला मालूम पडलं आज आपल्याकडे काय शिजून राहिलं.” ओक ट्री रोडवर तेव्हा आजच्यासारखी रांगेने भारतीय दुकानं नव्हती, पण कोथिंबिरीच्या ताज्या जुड्या मिळायच्या. तेवढ्यासाठी आई बाबांना गाडी काढायला लावायची, कारण सांबारवडीला शिळी कोथिंबीर चालत नाही हे तिचं ठाम मत होतं. ते मत तिने आजही बदललेलं नाही. गुडघे बदलले दोन्ही, मत नाही.

फ्रेंच माझ्या आयुष्यात आलं ते अगदी अपघाताने. शाळेत स्पॅनिशच्या वर्गांत जागा उरली नव्हती, म्हणून मला फ्रेंचला घातलं. फ्रेंच शिकवायला मादाम होती. तिला सगळी शाळा नुसतं मादामच म्हणायची. साठी ओलांडलेली, अमेरिकन नवऱ्याच्या मागे इकडे आलेली, आणि तो वारल्यावरही इथेच राहून गेलेली बाई. केस कापलेले, करडा कोट, आणि मुलांच्या चुका ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय. दहावीत असताना तिने मला बुधवारी शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं. मला वाटलं काही चुकलं. तिने टेबलावर स्वयंपाकघरातला टायमर ठेवला, दहा मिनिटांवर फिरवला आणि म्हणाली, “बोल. मुलांनी शाळेत टोपी घालावी की नाही. दोन भाग कर. पहिल्या भागात एक बाजू, दुसऱ्यात दुसरी. टायमर वाजायच्या आत संपव.” मी सहा मिनिटांत संपवलं आणि घामाघूम झाले. ती म्हणाली, “भाग दोन होते. पण तुझं मत कुठल्याच भागात नव्हतं.”

हा दोन भागांचा आणि दहा मिनिटांचा प्रकार ती जिथे शिकली तिथला होता. पॅरिसमधली राज्यशास्त्राची संस्था. त्या संस्थेची गोष्ट मादामने मला एका बुधवारी सांगायला घेतली आणि पुढचे तीन-चार बुधवार ती संपली नाही. मादामचा देश एकदा लढाई हरला, आणि साधासुधा नाही, पार धुळीला मिळाला. जो तो खापर फोडायला डोकं शोधत होता. राजा चुकला, सेनापती चुकले. तेव्हा एक गृहस्थ म्हणाला, आपण हरलो कारण आपल्यावर राज्य करणाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या देशात कायदे काय आहेत, पैसा कसा फिरतो, लोकांच्या मनात काय चाललंय, काही म्हणजे काही नाही. तेव्हा राज्य करायचं शिकवणारी शाळा काढू. सरकारला विचारलंही नाही. ओळखीच्या लोकांनी हातभार लावला, भाड्याच्या जागेत वर्ग सुरू झाले, मूठभर विद्यार्थी आले. आणि एका पिढीत अशी वेळ आली की परदेशात राजदूत पाठवायचा तर तिथला, खात्याचा सचिव हवा तर तिथला. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकार म्हणालं, आता ही शाळा आमची. मग तिचे दोन भाग झाले, मादाम हसून म्हणाली, आम्हाला सगळ्याचे दोन भाग लागतात. एकाकडे इमारत, ग्रंथालय आणि तिजोरी, दुसऱ्याकडे शिकवणं. त्याच धर्तीवर दुसऱ्या गावांतही संस्था निघाल्या. मुलींना दार उघडलं ते फार उशिरा. मादाम सरकारीकरणानंतर काही वर्षांनी तिथे शिकली, आणि तिच्या वर्गात मुली एका बाकावर मावायच्या.

“पण इमारत, तिजोरी हे काही खरं नाही,” मादाम म्हणाली. “खरी गोष्ट ही, की तिथे कोणी बोललं की बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. आणि तू उभी राहून आपलं म्हणणं धरून ठेवायचं. शिक्षक बोलला तरी. शिक्षक बोलला तर जास्तच.” मग ती मला डिवचायची. मी मांडलेल्या मुद्द्याच्या बरोबर उलट बोलायची, कधी धडधडीत चुकीचं. आणि मी मान खाली घालून म्हणायची, “हो मादाम, तसंही असेल.” ती बोटांनी टेबलावर टकटक करायची. “तू सगळ्यांशी सहमत होतेस. मग बोलतंय कोण?” मला उत्तर माहीत असायचं, ओठांपर्यंत यायचं, आणि तिथे बाबांचं वरचं बटण लागलेलं असायचं.

घरी मी ही गोष्ट जेवताना सांगितली आणि बाबा घास हातात धरून बसले. “म्हणजे हरलेल्या लोकांनी शाळा काढली?” त्यांनी पुन्हा विचारलं. “रडत नाही बसले? शाळा काढली?” त्यानंतर घरी कोणीही आलं, गणपतीला, हळदीकुंकवाला, कोणाच्या ग्रीन कार्डाच्या पार्टीला, की बाबा मला हाक मारायचे. “मनू, ती हरलेल्यांच्या शाळेची गोष्ट सांग काकांना.” काका लोक चिवडा खाता खाता ‘वा वा’ करायचे आणि विचारायचे, “पण इंजिनियरिंगचं काय?” बाबा हसायचे. आमच्या ओळखीत हा एकच बाप असेल ज्याला मुलगी इंजिनियर व्हायला नको होती. मला तेव्हा ते मोठेपण वाटायचं. मागचं कारण कळायला वेळ लागला.

बारावीत मादामने बातमी आणली. संस्थेला परदेशी विद्यार्थी हवे होते, आणि अमेरिकेच्या आमच्या बाजूसाठी एक जागा होती. एकच, पण स्कॉलरशिपसकट. स्कॉलरशिपशिवाय पॅरिसचा विचार करणंही आमच्या ऐपतीत नव्हतं. फॉर्म भरले, निबंध पाठवले, आणि मार्चमध्ये न्यूयॉर्कला मुलाखतीचं बोलावणं आलं. आधी चिठ्ठी उचलून विषय, तासभर तयारी, दहा मिनिटं भाषण, मग प्रश्न. मादाम त्या उन्हाळ्यात रिटायर होणार होती. एवढ्या वर्षांत तिचा एकही विद्यार्थी तिथवर पोचला नव्हता. ती बोलून दाखवायची नाही, पण त्या महिन्यात तिने तीन वेळा टायमरची बॅटरी बदलली. म्हणजे तो किल्लीचा होता, बॅटरीचा नव्हताच. तिने तीन नवे टायमर आणले असं म्हणायला हवं. आठवणी अशा दगा देतात. आणि माझ्या मनात आता दुसरं काही उरलं नव्हतं. मला ती जागा हवी होती. त्या आधी किंवा नंतर मला कुठलीही गोष्ट एवढी हवीशी वाटली नाही, नवरासुद्धा नाही, त्याने वाचलं तरी चालेल.

घरी बाबा रोज संध्याकाळी परीक्षक व्हायचे. टाय लावून जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसायचे, फ्रेंच कळत नसतानाही मान डोलवायचे, आणि शेवटी म्हणायचे, “व्हेरी गुड.” मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, “मादाम म्हणते, ते वाद घालतील. आपणही घालायचा.” बाबा टाय सोडायचे थांबले. “ती फ्रेंच आहे, तिला चालतं. आपण बाहेरची माणसं. ते काय म्हणतात ते ऐकून घे. नम्रपणे हो म्हण. तुझी तयारी त्यांना दिसेलच.” आई ओट्याशी उभी होती. “त्या बाईनं तिथं शिक्षण घेतलं न हो, तिलेच जास्त समजते असंन.” बाबा म्हणाले, “मला मुलाखतीचं कळतं.” कसं कळतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्या घरात बाबांनाही उलट बोलायचं नसतंच.

सकाळी आईने तळहातावर दही-साखर ठेवली. बाबांनी ऑफिसला फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं. मी त्यांचं ऐकलेलं ते पहिलं खोटं, आणि तेही उभं राहून बोलले. लग्नाचा सूट घातला होता, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. आगगाडीत आम्ही समोरासमोर बसलो आणि न्यूयॉर्क येईपर्यंत ते माझ्याकडे बघून अधूनमधून मान हलवत राहिले. मुलाखत एका फ्रेंच शाळेच्या वर्गात होती. बाबांना बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसवलं. मी आत चिठ्ठी उचलली. विषय होता: हरणं माणसाला काही शिकवतं का?

मला हसूच फुटलं. एवढं नशीब कोणाला मिळतं? तासभर मी कागदावर दोन भाग, त्यांचे दोन-दोन पोटभाग आखले. मग तिघांसमोर उभी राहिले. मधोमध पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, एका बाजूला निळ्या स्कार्फची बाई, दुसऱ्या बाजूला टिपणं घेणारा तरुण. पहिल्या भागात मी मांडलं की हरणं आपोआप काही शिकवत नाही, बहुतेक लोक हरून फक्त दुसऱ्याला दोष देतात. दुसऱ्या भागात म्हटलं, पण कधी कधी एखादा माणूस पराभवातून प्रश्न काढतो. तुमची संस्था पाहा, सरकारने काढली नाही, एका माणसाने काढली, देश हरला म्हणून काढली. नऊ मिनिटं आणि काही सेकंदांत संपलं. स्कार्फवाली बाई हसली. मला वाटलं, झालं काम.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “मादमोआझेल, छान बोललात. पण आमची संस्था सरकारनेच स्थापन केली, नाही का? पहिल्या दिवसापासून. सरकारचा हुकूम, सरकारचा पैसा.”

मला माहीत होतं. महिन्याभरापूर्वी नाही, दोन वर्षांपासून माहीत होतं. मी ते आत्ताच बोलले होते, त्याच खोलीत. पण समोर पांढरे केस होते, मोठं माणूस होतं, तिथलंच होतं, आणि मी एडिसनच्या अपार्टमेंटमधली पोरगी. शिवाय मनात आलं, यांना काहीतरी जास्त माहीत असेल. मादाम म्हातारी झालीय, विसरली असेल. हे सगळं एका क्षणात नाही येत मनात, पण त्या खोलीत आलं.

“हो सर,” मी म्हटलं.

स्कार्फवालीने मान वर केली. अध्यक्ष सावकाश म्हणाले, “मग पराभव, एकटा माणूस, भाड्याची जागा, ही सगळी रचून सांगितलेली गोष्ट?”

“हो सर. तसं असू शकेल.”

“आणि मग तुमच्या भाषणाच्या दुसऱ्या भागाचं काय राहिलं?”

मी म्हटलं, “सर, तुमचं बरोबर आहे.”

स्कार्फवालीने पेन खाली ठेवलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, प्लास्टिकचं साधं पेन होतं. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले, मला वाटतं शिष्टाचार म्हणून. निघताना मी वाकून नमस्कार करणार होते, कसाबसा हात आवरला.

परतीच्या गाडीत बाबांनी डबा उघडला. आईने सांबारवड्या दिल्या होत्या, गार झाल्या होत्या, पण आम्हाला दोघांनाही कडकडून भूक लागली होती. बाबांनी सगळं विचारलं, काय विषय, कोण होतं, काय बोललीस. विषय ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. मग मी अध्यक्षांचं सांगितलं. “ते चुकीचं बोलले बाबा. मी हो म्हटलं.” बाबांचा चेहरा असा निवळला की मी तो तसा क्वचितच पाहिला आहे. “बरं केलंस,” ते म्हणाले. “फार बरं केलंस.” त्यांनी स्वतःच्या वाटणीची शेवटची वडी मला दिली. मी ती खाल्ली. एडिसन येईपर्यंत मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

बुधवारी मादामने दार लावून विचारलं. मी सांगत गेले तशी ती आधी खुर्चीवर बसली, मग उठून फळा पुसायला लागली. कोरा फळा. “तू त्यांना म्हणालीस की ती रचलेली गोष्ट आहे?” “हो मादाम.” “मी सांगितलेली?”  ती रागावली असती तर परवडलं असतं. तिने टायमर उचलला, ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि म्हणाली, “घरी जा, बाळ. आई वाट बघत असेल.” मला इतकी लाज वाटली की मी कोट वर्गातच विसरले आणि मार्चच्या थंडीत तशीच घरी गेले.

पत्र तीन आठवड्यांनी आलं, योगायोगाने मंगळवारीच. मॅनेजरच्या कॉलला अजून वेळ होता. आई कणीक मळत होती. पाकीट पातळ होतं तेव्हाच मी समजले. बाबा म्हणाले, “काय लिहिलंय ते मराठीत सांग. सगळं सांग.” मी वाचत, सांगत गेले. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. माझी तयारी आणि भाषा उत्तम होती. मात्र समितीच्या अध्यक्षांनी संस्थेच्या स्थापनेबद्दल मुद्दाम केलेलं चुकीचं विधान उमेदवाराने दोनदा मान्य केलं, आणि शेवटी स्वतःचं बरोबर असलेलं म्हणणं सोडून दिलं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्याला हे जमावं लागतं. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

“मुद्दाम म्हणजे?” बाबा म्हणाले.

“म्हणजे त्यांना खरं माहीत होतं. मी काय करते ते बघायचं होतं.”

बाबांनी पत्र स्वतःच्या हातात घेतलं, त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. मग ते बोलायला लागले, माझ्याशी नाही, टेबलाशी बोलल्यासारखं. ते बावीस वर्षांचे होते. सरकारी अधिकारी व्हायची मोठी परीक्षा लेखीत पास झाले होते, भंडाऱ्याच्या त्यांच्या गावातून पहिले. मुलाखतीला मुंबईला गेले. अध्यक्षांनी गाव विचारलं, नदी विचारली. बाबांनी वैनगंगा सांगितली. अध्यक्ष म्हणाले, हां, वैनगंगा, ती महाराष्ट्रातच उगम पावते ना. “मी म्हटलं, नाही सर, मध्य प्रदेशात. मी तर डोंगराचं नावसुद्धा सांगितलं. ते नुसते ‘ठीक आहे’ म्हणाले आणि कागद उलटला. लिस्टमध्ये माझं नाव नव्हतं.” बाबांनी पत्राची घडी घातली. “उलट बोललो म्हणून. नदी माझ्या घरामागची होती, पण मी मोठ्या माणसाला उलट बोललो. परत बसलोच नाही परीक्षेला. म्हणून तुला शिकवलं, मनू. तुझं तसं होऊ नये म्हणून.”

आईचे हात कणकेत थांबले होते. तिलाही हे माहीत नव्हतं, तिच्या तोंडावरूनच दिसत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा एवढा राग आला की कानात घूं आवाज यायला लागला. त्या एका नदीसाठी माझी जागा गेली, असं वाटलं. आणि जे मला न्यूयॉर्कला तीन परीक्षकांसमोर बोलता आलं नाही, ते मी आमच्या स्वयंपाकघरात बोलले.

“नाही बाबा,” मी म्हटलं. “उलट बोललात म्हणून नाही काढलं तुम्हाला. वैनगंगा कुठे उगम पावते हे त्यांना माहीत नसेल का? त्यांनीही मुद्दामच म्हटलं असेल. तुम्ही बरोबर तेच केलंत. तुम्हाला दुसऱ्याच कशासाठी तरी नाही घेतलं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उलट बोलले यावर ते रागावतील असं वाटलं, पण त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.  मग अगदी हळू, परीक्षेचा पेपर परत मागावा तसं, त्यांनी विचारलं, “मग मला का नाही घेतलं?”

 मला माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. माझ्या एका वाक्याने मी त्या माणसाचं तीस वर्षं जपलेलं कारण काढून घेतलं आणि त्याजागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी बरोबर बोलले होते असं मला आजही वाटतं. बोलायला नको होतं असंही वाटतं. माझ्या भाषणाचे हे दोन भाग, आणि मादाम म्हणायची तसं, माझं मत कुठल्या भागात आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सहा वाजता फोन वाजला. बाबा उठले, वरचं बटण लावलं, “येस सर, राइट सर” म्हणाले. फोन ठेवून काही बोलले नाहीत. पण त्या शनिवारी ते ऑफिसला गेले नाहीत. आईने डबा भरून ठेवला होता. “जाऊन नाही राहिले का आज?” तिने विचारलं. बाबा म्हणाले, “चूक त्याची आहे. राहू दे.” आणि दुपारपर्यंत सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी इथल्याच स्टेट कॉलेजात गेले, पुढे मॉरिसव्हिल नावाच्या गावी आले, नोकरी केली, अजून करते. मीटिंगांमध्ये मी काय म्हणते ते तुम्ही ओळखलं असेल. मादामला मी परत भेटले नाही. दर ख्रिसमसला कार्ड लिहायचं ठरवायची आणि पहिल्या ओळीवर अडायची. ती गेल्याचं शाळेच्या बातमीपत्रात वाचलं. त्या संस्थेचं कधीमधी इंटरनेटवर बघते. आता तिच्या कितीतरी गावांत शाखा आहेत, जगभरची पोरं जातात, गरीब वस्त्यांमधल्या मुलांसाठी वेगळं दार उघडलंय, आणि मुलाखत म्हणे व्हिडिओ कॉलवर घेतात. स्थापनेची हकीकत मात्र पहिल्याच पानावर आहे. पराभव, एक माणूस, भाड्याची जागा. मी दर वेळी ती शेवटपर्यंत वाचते.

बाबा-आई माझ्याकडे असतात. बाबांना आता औषधं घेतल्याचं आठवत नाही, नातीचं नाव कधी कधी आठवत नाही, पण ती मुलाखत आठवते. मागच्या रविवारी आम्ही घरामागच्या डेकवर चहा घेत होतो. आई आत गोळाभाताची तयारी करत होती आणि माझी मुलगी इरा लॅपटॉप घेऊन पायरीवर बसली होती. सतरा वर्षांची आहे, तिला ही सगळी गोष्ट माहीत आहे, मीच सांगितली आहे. बाबा एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “मनू, मी उलट बोललो म्हणूनच नाही घेतलं ना गं मला?” डोळ्यांत अशी आशा होती की माझ्याच्याने बघवेना.

“हो बाबा,” मी म्हटलं. “म्हणूनच.”

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि चहाचा घोट घेतला. इराने लॅपटॉपवरून डोकं वर काढलं. “वेट, आई, बट दॅट्स नॉट...” ती म्हणायला लागली, आणि मी डोळे वटारून तिच्याकडे पाहिलं.

ती गप्प बसली.